डिशवॉशरचे विसळणीचे पाणी पुरेसे तापत नाही: दुरुस्ती, सौर पाणी की क्लोरीन?

व्यावसायिक डिशवॉशर भांडी साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या साबणाच्या पाण्याने धुतो आणि नंतर बूस्टरमध्ये, म्हणजे यंत्राच्या विसळणीचे पाणी तापवणाऱ्या टाकीत, वेगळ्या तापवलेल्या स्वच्छ पाण्याने विसळतो. जंतुनाशाचे काम या विसळणीवर अवलंबून असते. अनेक ठिकाणी आधारभूत धरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकानुसार हे पाणी बहुतेक यंत्रांत किमान ८२ अंश असावे आणि भांड्याचा पृष्ठभाग ७१ अंशांपर्यंत तापावा. हा आकडा गाठला जात नसेल, तर हॉटेल किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्यासमोर तीन वाटा असतात: बूस्टर दुरुस्त करणे, यंत्राला सौर बंबात आधीच तापवलेले पाणी देणे किंवा उष्णतेऐवजी क्लोरीनवर भरवसा ठेवणे. यांपैकी कोणती वाट धरायची, हे तापमान किती पडते यापेक्षा ते कधी पडते यावरून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी यंत्रावरच्या काट्यावर विसंबू नये. तो बूस्टरमधले तापमान दाखवतो, ताटावरचे नाही. ७१ अंशांना काळी पडणारी पट्टी कोरड्या स्टीलच्या ताटाला चिकटवून ते ताट रॅकमध्ये, म्हणजे एका फेरीची भांडी धरणाऱ्या जाळीत, ठेवावे. ही तपासणी सकाळच्या पहिल्या रॅकला एकदा आणि जेवणाची गर्दी ऐन भरात असताना पुन्हा एकदा करावी.

पट्टी दोन्ही वेळा पांढरीच राहिली, तर दोष बहुधा बूस्टरमध्ये आहे आणि दुरुस्ती हाच योग्य मार्ग आहे. ६ किलोवॅटच्या तीन फेज बूस्टरमध्ये सहसा २ किलोवॅटचे तीन एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणाऱ्या विजेच्या कांड्या, असतात आणि न्यूट्रलसह जोडणी असल्यास प्रत्येक फेजवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह दिसायला हवा. वायरमनने तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावल्यावर दोन तारांवर हा आकडा आणि तिसरीवर शून्य दिसले, तर एलिमेंट जळालेला आहे, एलिमेंटची वीज चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरचा एक पॉइंट बसत नाही किंवा एक फेजच गेलेली आहे. तिन्ही तारांवर प्रवाह असूनही तो कमी असेल, तर व्होल्टेज पाहावे. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर एलिमेंटची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने घटते.

क्षाराबद्दल मात्र एक गैरसमज आढळतो. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर पांढरा थर चढला, म्हणून वीज वाया जाऊन पाणी थंड राहते, असे सांगितले जाते. विजेचा एलिमेंट पाण्यातच बुडालेला असल्याने त्याची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. खरे नुकसान वेगळे आहे: थराखाली एलिमेंट स्वतः अतितापून जळतो, सेन्सरवर थर बसल्याने थर्मोस्टॅट चुकीचे तापमान वाचतो आणि विसळणीच्या नोझल बुजतात. त्यामुळे नवा एलिमेंट बसवताना क्षार काढला नाही आणि पाणी मृदू करण्याची सोय केली नाही, तर तोही फार काळ टिकणार नाही. क्षार काढण्यासाठी वापरलेले आम्ल आणि क्लोरीनचे द्रावण कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू तयार होतो.

सकाळी पट्टी काळी होते आणि गर्दीत पांढरी राहते, किंवा उन्हाळ्यात सगळे ठीक असते आणि पौष-माघात बिघडते, तेव्हा बूस्टर निर्दोष असूनही अपुरा पडत असतो. हिशोब सोपा आहे. एका रॅकला ३ लिटर पाणी लागत असेल आणि तासाला ३० रॅक होत असतील, तर ९० लिटर पाणी तापवावे लागते. ६ किलोवॅटचा बूस्टर एवढ्या पाण्याचे तापमान जास्तीत जास्त ५७ अंशांनी वाढवतो. टाकीतले पाणी २५ अंश असेल, तर ८२ गाठले जातात. साताऱ्याच्या थंडीत गच्चीवरची टाकी १५ अंशांवर आली, तर गाडी ७२ वरच अडते. अशा वेळी एलिमेंट बदलण्यावर केलेला खर्च व्यर्थ जातो.

मात्र खर्चात पडण्याआधी पाण्याचा दाब तपासावा. ज्या यंत्रात विसळणीसाठी स्वतःचा पंप नसतो, त्याला विसळताना साधारण १ ते १.७ बार दाब पुरतो. गच्चीवरचा प्रेशर पंप थेट जोडलेला असेल आणि दाब दुप्पट झाला असेल, तर सुमारे ४० टक्के पाणी जास्त जाते आणि तोच बूस्टर ५७ ऐवजी ४१ अंशांचीच वाढ देऊ शकतो. दाब नियंत्रित करणारी एक झडप बसवून हा प्रश्न सुटत असेल, तर त्याहून स्वस्त उपाय नाही.

दाब योग्य असूनही तूट राहत असेल, तर सौर बंबाचे पाणी यंत्राला द्यावे. ५० अंशांचे पाणी आत आले, तर वरच्याच हिशोबात सुमारे साडेतीन किलोवॅट पुरतात, म्हणजे जनरेटरवरचाही भार हलका होतो. मात्र पश्चिमेकडे, महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, पावसाळ्यात कित्येक दिवस ऊनच पडत नाही. तिथे सौर टाकीत विजेचा पूरक हीटर हवाच. सांगली-मिरजेच्या बाजूला ही अडचण बरीच कमी आहे. नळीचे आवरण मात्र कुठेही टाळू नये, नाहीतर टाकीतले ५० अंश यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत उरत नाहीत.

क्लोरीनची वाट वरकरणी सर्वांत स्वस्त दिसते. ४९ अंशांच्या पाण्यात दर दशलक्ष भागांत ५० भाग क्लोरीन असला, तर निर्जंतुकीकरण होते आणि विजेचा भार बराच वाचतो. तरीही उष्णतेवर चालणारे यंत्र असे बदलून वापरण्यास उत्पादकाची संमती लागते आणि मात्रा सोडणारा पंप व रोजची चाचणीपट्टी यांनाही पर्याय नसतो. अ‍ॅल्युमिनियमची आणि चांदीची भांडी यात काळवंडतात. ताटे लवकर वाळत नाहीत आणि पंगतीमागून पंगत बसणाऱ्या कार्यालयात ओली ताटे फडक्याने पुसली, तर केलेले निर्जंतुकीकरण त्या फडक्यातच जाते. शिवाय अर्धवट तापलेल्या, म्हणजे ७० अंशांच्या पाण्यात क्लोरीन घालून दोन्हींचा लाभ मिळेल, ही समजूतही चुकीची आहे, कारण इतक्या गरम पाण्यातून तो उडून जातो.

म्हणून महामार्गावर रोज सतत चालणाऱ्या हॉटेलने दाब तपासून सौर पाण्याकडे वळावे. हंगामापुरते यंत्र वापरणाऱ्या कार्यालयाला तेवढी गुंतवणूक परवडत नसेल, तर त्याने बूस्टर नीट करून रॅकची गती कमी ठेवावी. बूस्टर ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत विसळणी थांबवून धरण्याची सोय अनेक यंत्रांत असते आणि ती वेळ वाचवण्यासाठी बंद केलेली असेल, तर ती आधी सुरू करून घ्यावी. क्लोरीन मी फक्त सुटा भाग येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून स्वीकारेन, आणि तीही यंत्राबाहेर, वेगळ्या टाकीत भांडी बुडवून.