ड्युअल रेक्टिफायर घ्यावा की ५१५०?
मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर आणि पीव्हीचा ५१५०, दोन्ही इलेक्ट्रिक गिटारचे अॅम्प, दोन्हीत ६एल६ पॉवर ट्यूब (आवाज वाढवणारी काचेची नळी), पण टोन एकदम वेगळा. रेक्टिफायरचा लो एंड (खालचे सूर) जाडजूड नि पसरट, पॉवर कॉर्ड (दोन सुरांची दणकट कॉर्ड) मारली की छातीत जाणवते, आणि ट्यूब रेक्टिफिकेशनवर (एसी वीज डीसी करायचं काम डायोडऐवजी ट्यूबकडे) टाकला की अटॅक, म्हणजे सुराचा पहिला ठोका, अजून मऊ पडतो म्हणून फास्ट रिफसाठी (पुन्हा पुन्हा वाजणारा गिटारचा तुकडा) डायोडवरच ठेवायचा, अॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावायचं, त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल फुल, मग बघा टोन कसा आवळला जातो! ५१५० ला हे कमी लागतं. गिटारवादक एडी व्हॅन हेलनसोबत १९९२ मध्ये आलेला हा अॅम्प, आता ६५०५ नावाने मिळतो, मिड्स (मधले सूर) पुढे, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) कोरडे आणि घट्ट, ड्रम-बेसच्या गोंगाटातही रिफ स्पष्ट ऐकू येतो. क्लीन (न फाटलेला, स्वच्छ आवाज) मात्र रेक्टिफायरचाच गोड. मेटल रिदमला माझं मत ५१५० ला, फक्त गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब) निम्म्याच्या खाली ठेवा.