सिनेमावर प्रबंध: सेन्सॉरचा विषय घ्यावा की बायकांचा?

पीएचडीच्या नोंदणीचे दिवस आले की कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, सिनेमावर करायचंय, सेन्सॉर घेऊ की स्त्री?" मी सेन्सॉरवर काम केलं आणि गेली काही वर्षं दुसऱ्या विषयात रमले आहे. हे लिहितेय ते नागपुरात राहून, नोकरी-घर सांभाळून प्रबंध करणाऱ्यांसाठी.

सेन्सॉरचा मोठा फायदा म्हणजे कागद हाताशी असतात. सिनेमाचे 1918 आणि 1952 चे कायदे, न्यायालयांचे निकाल, सेन्सॉरच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचं, 2021 मध्ये बंद झालेलं अपील न्यायाधिकरण, 2023 च्या दुरुस्तीतली प्रेक्षकांच्या वयाची 7, 13 आणि 16 वर्षांची वर्गवारी, सगळं घरबसल्या वाचता येतं. प्रकरणं आपोआप पडतात. शिवाय नागपूरचा धागा फार जवळचा आहे. सिनेमाची चौकशी करणाऱ्या 1927-28 च्या सरकारी रंगाचारियार समितीने आपल्या शहरातही साक्षी घेतल्या होत्या. त्या प्रश्नोत्तरांच्या रूपात छापलेल्या आहेत. आणि सेन्सॉरला आव्हान देणारे दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्याचा 1970 चा निकाल लिहिला तो सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. ते इथल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, इथेच वकिली केलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही राहिलेले. त्यांनी पूर्वपरीक्षण, म्हणजे प्रदर्शनाआधी सिनेमा तपासणं, वैध ठरवलं, पण लैंगिकता आणि अश्लीलता या दोन गोष्टी एकच नव्हेत, हेही स्पष्ट लिहिलं. तो निकाल मूळातून वाचाच. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

अडचण पुढे येते. कात्री नेमकी का लागली, सिनेमा तपासणाऱ्या समितीत कोण काय बोललं, हे निकालपत्रात नसतं. जुन्या प्रमाणपत्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण दिसला की कापाकापी झाली एवढं कळतं. त्यामागचा वाद कळत नाही. सेन्सॉर मंडळाची नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत, नागपुरात एकही नाही. मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं, जुन्या चित्रपटांसाठी पुण्याचं चित्रपट संग्रहालय. रजा आणि गाडीभाडं यांचा हिशेब आधीच मांडून ठेवा.

स्त्री हा विषय वरून सोपा वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. पाच चित्रपट निवडायचे, सिनेमाची अभ्यासक लॉरा मल्व्ही हिच्या 1975 च्या लेखातली 'पुरुषी नजर' (कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो, ही कल्पना) लावायची, नायिकांची वर्णनं लिहायची. असे प्रबंध ढिगाने आहेत आणि ते कुठेही बसून लिहिता येतात. मी तरी विद्यार्थ्याला त्या वाटेने जाऊ देत नाही.

पडद्यावरच्या बाईऐवजी खुर्चीवरच्या बाईकडे वळलं की विषय एकदम जिवंत होतो. माझी आत्या नागपूरच्या महाल भागात राहायची. तिला कथानकं आठवत नाहीत. आठवतं ते हे: जावेसोबत दुपारच्या खेळाला जायचं, त्याआधी सासूबाईंचं जेवण उरकायचं, तिकिटाला बायकांची वेगळी खिडकी, आणि मांडीवरचं मूल रडलं की बाहेर व्हरांड्यात उभं राहून फक्त गाणी ऐकायची. अर्धे सिनेमे तिने कानांनीच पाहिलेत! हे कुठल्याही संग्रहालयात मिळणार नाही. मेहनत मात्र भरपूर आहे. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला माझे पाच-सहा तास जातात. घरात सून किंवा मुलगा बसलेला असेल तर बाई निम्मं गिळून टाकते, म्हणून दुसऱ्यांदा जावं लागतं. आणि नाव छापायचं की नाही, ते तिला विचारूनच ठरवायचं.

जागतिकीकरण हा तिसरा पर्याय बरेच जण सांगतात. 1991 चं आर्थिक उदारीकरण, मग 1998 मध्ये सिनेमाला मिळालेला उद्योगाचा दर्जा, मग मल्टिप्लेक्स. व्यवसायाचे खरे आकडे कोणी दाखवत नाही, त्यामुळे पीएचडीला मी नको म्हणेन. वितरणाच्या धंद्यात आपला भाग अजून 'सीपी-बेरार' (इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड) म्हणूनच ओळखला जातो, त्यावर एमएचा छोटा प्रकल्प छान होईल.

तुम्ही कायदा शिकला असाल किंवा वर्षभरात लघुप्रबंध द्यायचा असेल, तर बिनधास्त सेन्सॉर घ्या. तीन-चार वर्षं असतील आणि लोकांच्या घरी जाऊन बसायची सवय असेल, तर माझं मत बायकांच्या बाजूने. नोंदणीच्या आधी सत्तरीपुढच्या दोघीतिघींशी बोलून बघा. सिनेमा कोणता आवडला, हे शेवटी विचारा. आधी घरून कोणी सोडलं आणि तिकिटाचे पैसे कोणी दिले, ते विचारा.