पोर रात्री दचकतं, ओरडतं, चालतं: कधी थांबायचं आणि कधी गाडी काढायची

रात्री अकराच्या सुमाराला चार वर्षांचं पोरगं ताडकन उठून बसतं. डोळे सताड उघडे, अंग घामाने चिंब, ‘आई, आई’ असा टाहो. आणि आई समोर बसलेली असताना तिलाच ढकलून देतं. दहा मिनिटं घर हादरतं, मग पोरगं आडवं होऊन गाढ झोपतं. दुसऱ्या घरात सहा महिन्यांचं बाळ झोपेतून जागं होताना आठ-दहा वेळा नुसती मान टाकतं, हात थोडे फाकवतं. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. या दोघांपैकी लगेच दवाखान्यात न्यायचं ते दुसऱ्याला.

झोपेतलं वागणं दिसायला किती भयंकर आहे यावरून धोका ठरत नाही. झोप लागल्यापासून किती वेळाने झालं, दर वेळी हुबेहूब तसंच होतं का, पूर्ण जागं केल्यावर थांबतं का, आणि दिवसा पोर कसं असतं, या चार गोष्टींवरून तो ठरतो. ‘पोऱ्या रातले दचकस’ एवढ्या एका वाक्यावरून डॉक्टरांनाही काही सांगता येत नाही.

किंचाळून उठणं: नाईट टेरर, वाईट स्वप्न की फिट?

| | नाईट टेरर | वाईट स्वप्न | झोपेतली फिट |
|---|---|---|---|
| वेळ | झोप लागल्यावर १ ते ३ तासांत | बहुधा पहाटेकडे | कधीही; बऱ्याचदा झोप लागताच किंवा उठण्याच्या आधी |
| ओळख | डोळे उघडे, पण ओळखत नाही | पूर्ण जागं, आईला बिलगतं | बहुधा प्रतिसाद नाही. काही प्रकारांत समजतं, पण बोलता येत नाही |
| किती वेळ | १ ते १० मिनिटं, क्वचित जास्त | रडू थांबेपर्यंत | बहुधा २-३ मिनिटांच्या आत |
| एका रात्रीत | बहुधा एकदाच | एक-दोनदा | कधी एकदाच, कधी लागोपाठ अनेकदा |
| हालचाल | दर वेळी वेगळी, धडपड | विशेष नाही | दर वेळी तीच, ठरावीक |
| सकाळी | काही आठवत नाही | स्वप्न सांगतं | दमलेलं, डोकं दुखतं, कधी जीभ चावलेली |

नाईट टेररमध्ये मेंदू गाढ झोपेतून अर्धवट वर येतो. शरीर जागं, पोर झोपेतच. म्हणून त्याला समजावून उपयोग नाही, आणि गदागदा हलवणं, तोंडावर पाणी मारणं, घट्ट धरून ठेवणं यांनी धडपड वाढते. जवळ बसा, खाटेखाली पडू देऊ नका, कूलरच्या आणि फॅनच्या वायरी बाजूला करा, हळू आवाजात बोला, वाट पाहा. सकाळी त्यावरून चिडवू नका. त्याला काही आठवत नसतं, पण घाबरलेल्या घराची कुजबुज मात्र ऐकू येते. दृष्ट काढून ज्यांच्या मनाला बरं वाटतं त्यांनी खुशाल काढावी. मिरच्यांचा धूर तेवढा पोरापासून लांब ठेवावा.

हे का होतं याचं उत्तर बहुतेक वेळा आदल्या दोन-तीन रात्रींत सापडतं. झोप कमी पडली की पुढच्या रात्री मेंदू गाढ झोप जास्त ओढून घेतो, आणि टेरर त्याच झोपेतून उगवतो. कानबाईचा रात्रभराचा जागर, लागोपाठची लग्नं, मे महिन्यात लाइट गेलेल्या रात्री, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाच्या गावची नवी जागा, यांच्यानंतर हे प्रकार वाढले तर नवल नाही. ताप आणि भरलेलं मूत्राशय हीही नेहमीची कारणं. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, १ ते २ वर्षांच्याला ११ ते १४, आणि ६ ते १२ वर्षांच्याला ९ ते १२. सकाळची सातची शाळा आणि रात्री अकराला जेवण, हा हिशेब कुठेच बसत नाही.

झोप पुरेशी करूनही टेरर रोज ठरल्या वेळी येत असेल, तर एक साधा उपाय आहे. आठ-दहा दिवस वेळ लिहून ठेवा. समजा तो ११ च्या आसपास येतो, तर रोज १०:३० ते १०:४५ दरम्यान पोराला हळूच हलवा. ‘हं’ म्हणून कूस बदलली किंवा काही पुटपुटलं की पुरे, पुन्हा झोपू द्या. हे सलग २ ते ४ आठवडे करायचं. वेळ रोज बदलत असेल तर हा उपाय फसतो. अगदी पूर्ण जागं करून गप्पा मारत बसलात तरी फसतो, कारण झोप आणखी तुटते.

डॉक्टरांना दाखवायचं ते आठवड्यातून अनेकदा होत असेल, इजा होत असेल, सोबत जोरात घोरणं असेल किंवा बारा वर्षांनंतर पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर.

वाईट स्वप्नाला उपचार म्हणजे आईची कुशी आणि मंद दिवा. एकाच घटनेची स्वप्नं महिनाभर पडत राहिली आणि दिवसाही पोर घाबरून असेल, तर कारण शोधायला हवं.

फिटमध्ये मात्र दोन चित्रं लक्षात ठेवावीत, कारण ती लोकांच्या मनातल्या आकडीसारखी दिसत नाहीत. पहिलं: शाळकरी मूल झोपेतून उठतं, तोंडाचा एकच कोपरा उडतो, लाळ गळते, घशातून खरखर येते, त्याला सगळं समजतं, पण शब्द फुटत नाही. दुसरं: तीन ते सहा वर्षांचं मूल रात्री उठून उलटी करतं, पांढरं पडतं आणि डोळे एका बाजूला खिळतात. हे दुसरं अर्धा तासही चालू शकतं आणि ‘खाण्यात काही आलं’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही प्रकार बहुतेक मुलांत वयाबरोबर थांबतात, पण निदान ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढूनच होतं, आणि तो झोपेतला काढलेला चांगला.

फिट चालू असताना पोराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका आणि घड्याळ पाहा. ५ मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक येत राहिली किंवा श्वास नीट येत नसेल तर १०८ ला फोन. आयुष्यातली पहिली फिट थांबली तरी त्याच दिवशी दाखवा.

जमिनीवर झोपणाऱ्या घरांसाठी: विंचू आणि मण्यार

शहरी पुस्तकांत हा भाग नसतो, खान्देशात तो सोडून चालणार नाही. पोर अचानक किंचाळून उठलं, रडणं थांबतच नाही, एक हात किंवा पाय सारखा झटकतंय, हातपाय गार, घाम, लाळ, उलटी, तर तो टेरर नव्हे. विंचू समजून अंथरूण झटका आणि निघा. लाल विंचवाचं विष लहान मुलाच्या हृदयावर येतं. प्राझोसिन ही गोळी त्यावर किती उपयोगी पडते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. ती दवाखान्यात, वजनावर मोजून आणि रक्तदाब पाहत देतात. मंत्राने विष उतरवण्यात गेलेला तासच महाग पडतो.

मण्यार हा विषारी साप याच्या अगदी उलट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा फारसा दुखत नाही आणि खूणही अनेकदा दिसत नाही. पोर पहाटे पोटदुखी आणि उलटीने उठतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो. ‘झोप झाली नाही म्हणून डोळे मिटतायत’ असं वाटू शकतं. जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पापण्या सकाळी वर उचलत नसतील तर चावा शोधत बसू नये, प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठावं. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा दोघांवरचा स्वस्त उपाय.

तान्ह्या बाळाचे झटके

पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे हातपाय झोपेत टकटक उडतात, कधी दोन्ही बाजूंनी, कधी एका. बाळाला जागं करा. जागं होताच उडणं थांबलं, डोळे-चेहरा नीट, दूध नीट पीत असेल तर तो झोपेतला निरुपद्रवी प्रकार असतो आणि तीन ते सहा महिन्यांत जातो. जागं करूनही थांबत नसेल, डोळे एकीकडे वळत असतील, ओठ चघळल्यासारखे हलत असतील किंवा रंग बदलत असेल तर ती फिट समजा.

सुरुवातीला सांगितलेलं मान टाकणारं बाळ या दोन्हींपेक्षा वेगळं. वय बहुधा ३ ते १२ महिने. झोप लागताना किंवा जाग येताना एक-दोन सेकंदांचा झटका: मान खाली, हात फाकलेले, गुडघे पोटाशी. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा, अशी माळ. मधेमधे बाळ रडतं, म्हणून पोटात दुखतं असं वाटतं. पण पोटदुखीला अशी घड्याळासारखी लय नसते, आणि साधा दचका आवाजाने किंवा हलवल्याने येतो, असा ओळीने येत नाही. सोबत बाळाचं हसणं कमी झालं, नजर मिळेना, आधी धरत होतं ती मान आता धरेना, तर एक दिवसही थांबायचं नाही. याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. उपचाराला जितका उशीर तितका बाळाच्या वाढीवर परिणाम. ‘दात येतील तेव्हा जाईल’ हा सल्ला इथे घातक.

श्वासाचंही असंच. नवजात बाळ झोपेत ५ ते १० सेकंद श्वास थांबवून मग भराभर घेतं, हे चालतं. २० सेकंद थांबला, ओठ निळे पडले, अंग लुळं पडलं तर चालत नाही. शांत झोपेत पूर्ण एक मिनिट मोजल्यावर दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरत असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नका.

चालणं आणि धाबं

झोपेत चालणं हे नाईट टेररचंच भावंड. तीच गाढ झोप, तोच रात्रीचा पहिला भाग, बऱ्याचदा आई-वडिलांपैकी कुणीतरी लहानपणी चाललेलं. उठवलं तर काही वाईट होतं, ही समजूत चुकीची, फक्त गोंधळतं. खांद्याला धरून परत अंथरुणात आणावं.

आजार म्हणून याची भीती कमी, पण उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळिशीकडे गेला की अर्धं गाव धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छपरावर) किंवा गच्चीवर झोपतं, आणि धाब्याला कठडा नसतो. चालणारं मूल वर झोपवायचं नाही, हा नियम पाहुण्यांच्या घरीही पाळायचा. खाली झोपवलं तरी कडी त्याच्या हाताला न पोचेल अशी, वरच लावायची. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला बाप शेतात गेला की दार नुसतं लोटलेलं राहतं. विहीर जवळ असेल तर हीच सगळ्यात मोठी चूक. दाराला एखादं घुंगरू बांधलं तरी जाग येते.

घोरणं

सर्दीत चार दिवस घोरणं आणि एरवीही आठवड्यातून तीन-चार रात्री घोरणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात शर्ट वर करून छाती पाहा: घोरताना मधेच आवाज बंद, छाती मात्र धडपडतेय, मग फुर्र करून श्वास आणि कूस बदलणं. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपणं, पंखा असूनही घाम, दिवसा चिडचिड आणि शाळेत लक्ष नसणं हे सोबतचे पुरावे. कारण बहुधा वाढलेले ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल. कान-नाक-घसा तज्ज्ञ हवेत. ‘गाढ झोपलंय’ असं कौतुक करण्यासारखं हे घोरणं नाही. यामुळेच टेरर आणि अंथरूण ओलं होणंही वाढतं.

बाकीचं थोडक्यात

बरळणं सोडून द्या. दात खाणं जंतांमुळेच असतं असं नाही. दात झिजले, जबडा दुखला किंवा घोरणं असेल तर दाखवा. जंताचं औषध १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनी अंगणवाडीत मिळतंच. रात्री गुदद्वाराला खाज असेल तर मात्र जंतच शोधा आणि औषध डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी घ्या. झोपताना डोकं आपटणं सहा-नऊ महिन्यांपासून सुरू होतं आणि बहुतेकांत चार-पाच वर्षांपर्यंत जातं. दिवसाही आपटत असेल किंवा बोलणं मागे असेल तर वाढीची तपासणी करा.

अंथरूण ओलं करणं पाच वर्षांपर्यंत आजार नाही. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, सोबत तहान, वजन घटणं, लघवीला मुंग्या लागणं असेल, तर त्याच दिवशी साखर तपासा. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारायचा: सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का? त्या मुलांत अंथरूण ओलं होणं आणि घोरून श्वास अडकणं दोन्ही जास्त दिसतं. रात्रीच्या पायदुखीलाही तीच काळजी. दोन्ही पोटऱ्या दुखतात, चोळल्यावर थांबतं, सकाळी पोर पळतं, तर वाढीचं दुखणं. एकच बाजू, सूज, लंगडणं, ताप असेल तर नाही. पाय दुखत नाहीत पण रात्री स्वस्थच राहत नाहीत, अशा मुलाचं लोह तपासावं. फेरिटिन (रक्तातून कळणारा शरीरातला लोहाचा साठा) ५० च्या खाली असेल तर लोहाचा विचार होतो, भले हिमोग्लोबिन बरं का असेना.

दवाखान्यात जाताना

गोष्ट सांगण्यापेक्षा मोबाइलवरचा व्हिडिओ शंभरपट कामाचा. पांघरूण काढा, छोटा दिवा लावा, चेहरा आणि चारही हातपाय चौकटीत घ्या, आवाज चालू ठेवा आणि थांबल्यानंतरचीही दोन मिनिटं घ्या. मधेच एकदा नावाने हाक मारा, म्हणजे ओळखतं की नाही ते दिसेल. कागदावर झोपल्याची वेळ, प्रकार सुरू झाल्याची वेळ आणि चालू असलेली औषधं लिहा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून ठेवा. ओपीडीच्या रांगेत फोनची बॅटरी उतरली तर दुसऱ्या फोनवर उघडता येतो.