प्रोसेसरचा कूलर आणि रॅम : मुंबईतल्या घरासाठी कोणती जोडी घ्यावी?

गेल्या मे महिन्यात गोरेगावला माझ्या मावसभावाच्या नव्या डेस्कटॉपची जुळणी पूर्ण झाली आणि कॅबिनेटची काच काही केल्या बंद होईना. प्रोसेसर थंड ठेवणारा, दोन टॉवरांचा (म्हणजे धातूच्या पत्र्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला) कूलर १६५ मिलिमीटर उंच होता आणि कॅबिनेटची मर्यादा १७० मिलिमीटर होती, म्हणजे कागदावर सारे ठीक होते. परंतु त्याने हौसेने घेतलेली, वर दिव्यांची पट्टी असलेली रॅम ४४ मिलिमीटर उंच निघाली आणि कूलरच्या पुढच्या पंख्याखाली जागा होती ३२ मिलिमीटरचीच. पंखा १२ मिलिमीटर वर सरकवून तारेच्या क्लिपांत अडकवला तेव्हा एकूण उंची १७७ झाली आणि काच सात मिलिमीटर बाहेर राहिली. ज्या दुकानातून सामान घेतले होते तिथे ‘बसेल, काळजी करू नका’ असे सांगण्यात आले होते. उघडलेला खोका परत घेण्यास मात्र त्यांनी नकार दिला. अखेर पुढचा पंखा काढून ठेवावा लागला आणि दोन पंख्यांचे पैसे भरून एकच पंखा वापरण्याची वेळ आली.

रॅम चांगली होती, कूलरही चांगला होता, पण दोन्हींची मापे शेजारी ठेवून कोणी पाहिली नव्हती. संगणकाच्या सामानाचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडला जाणारा ग्राहक प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा महिनाभर अभ्यास करून जातो आणि या दोन वस्तू दुकानात उभ्याउभ्या ठरवतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ही तुलना त्या दोन्हींना एकत्र धरूनच करावी असे मला वाटते.

डीडीआर४ की डीडीआर५

डीडीआर४ ही रॅमची जुनी पिढी आणि डीडीआर५ नवी. त्यांतली कोणती घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आपल्या हातात नसते, ते प्रोसेसर आणि मदरबोर्ड ठरवतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) फक्त डीडीआर४ चालते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर, म्हणजे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी, दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात. मात्र एका बोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो, आणि तो कोणता हे बहुधा बोर्डाच्या नावातच ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असे लिहिलेले असते. त्यानंतरच्या एलजीए१८५१ सॉकेटवर पुन्हा फक्त डीडीआर५ आहे. दोन्ही प्रकारच्या रॅमच्या पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, त्यामुळे लांबून त्या सारख्या दिसतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक प्रकार दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. पट्टी बसत नाही म्हणून जोर लावू नये.

पहिल्यांदाच संगणक घेणाऱ्याने आज डीडीआर५ घ्यावी, असे माझे मत आहे. डीडीआर४ची ३२०० वेगाची जोडी दोन्ही चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधल्या माहितीच्या वाटा) मिळून सेकंदाला ५१.२ गिगाबाइट माहिती हलवू शकते, तर डीडीआर५ची ६००० वेगाची जोडी ९६ गिगाबाइट. शिवाय एएम५ बोर्डावर पुढे केवळ प्रोसेसर बदलून काम भागण्याची शक्यता असते. ज्यांच्याकडे जुन्या संगणकातली १६ किंवा ३२ गिगाबाइटची चांगली डीडीआर४ जोडी आहे त्यांचे गणित मात्र वेगळे आहे. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव ज्या वेगाने चढले ते पाहता, हाताशी असलेली रॅम वापरून एएम४वर रायझन ५ ५६०० किंवा डीडीआर४च्या बोर्डावर कोअर आय५ १२४०० हा प्रोसेसर घेणे हा मला आज पूर्वीपेक्षा अधिक शहाणपणाचा पर्याय वाटतो. त्यातून वाचलेला पैसा एसएसडीला किंवा पॉवर सप्लायला घालता येतो.

खोक्यावरचे आकडे

दोन जोड्यांवर ‘६०००’ असेच लिहिलेले असते आणि किमतीत फरक असतो, तेव्हा शेजारचा सीएल हा, माहिती मागितल्यावर किती थांबावे लागते हे सांगणारा आकडा पाहावा. त्या आकड्याला २००० ने गुणून वेगाने भागले की प्रतीक्षेचा काळ नॅनोसेकंदांत मिळतो. ६००० सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल ३६ म्हणजे १२ आणि ५२०० सीएल ४० म्हणजे १५ हून थोडे अधिक. गंमत अशी की जुनी डीडीआर४ ३२०० सीएल १६ हीसुद्धा १० नॅनोसेकंदांचीच आहे. म्हणून स्वस्त आणि सुस्त डीडीआर५ घेऊन ‘नवी आहे म्हणजे वेगवान असणारच’ असे मानणे बरोबर नाही. एएम५वर ६००० सीएल ३० ही जोडी सर्वांत समतोल मानली जाते. त्याहून वरचे वेग विकत घेण्यासारखे काम घरगुती वापरात क्वचितच असते.

हा वेग आपोआप मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो आणि इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी हे प्रोफाइल चालू करावे लागते. ते न केल्यास ६०००ची रॅम मुकाट्याने कमी वेगाने चालत राहते आणि मालकाला वर्षभर त्याचा पत्ताही लागत नाही. इंटेलच्या एच६१० चिपसेटवर मेमरीचा वेग अधिकृत मर्यादेपलीकडे नेण्याची सोयच नाही, तेव्हा त्या बोर्डासाठी महागडी वेगवान रॅम घेणे व्यर्थ आहे.

एक पट्टी, दोन पट्ट्या की चार, यात मी दोन पट्ट्यांच्या बाजूने ठाम आहे. १६ गिगाबाइटची एकच पट्टी ‘पुढे वाढवू’ म्हणून घेतली की निम्मी वाट बंद राहते, आणि ज्यांच्याकडे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच काम चालते, त्यांना हा तोटा डोळ्यांना दिसेल इतका असतो. याउलट डीडीआर५च्या चारही जागा भरल्या तर वेग खाली आणावा लागतो. रायझन ७००० मालिकेसाठी चार पट्ट्यांचा अधिकृत वेग ३६०० आहे, दोन पट्ट्यांचा ५२००. म्हणून ३२ गिगाबाइट हवी असल्यास १६ च्या दोन पट्ट्या एकाच पाकिटातल्या घ्याव्यात. त्याच कंपनीची, त्याच नावाची पट्टी सहा महिन्यांनी घेतली तरी आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात.

कूलर, आणि मुंबईची खोली

कूलरांची परीक्षणे वाचताना आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट मनात पक्की धरावी. हवेवर चालणारा कूलर असो वा पाण्यावर चालणारा, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त त्या तापमानाच्या वर किती अंश राहायचे हे ठरवतो. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७६ अंश दाखवणारा कूलर मे महिन्याच्या दुपारी किंवा ऑक्टोबर हीटमध्ये, ३४ अंशांच्या बंद खोलीत, साधारण ८८ दाखवणार. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे, ७८०० एक्स३डीची ८९. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःचा वेग कमी करतो. परंतु त्याआधी पंखा पूर्ण वेगाने घोंघावू लागतो, आणि वन रूम किचनच्या घरात, जिथे संगणकापासून चार फुटांवर कोणीतरी झोपलेले असते, तिथे तो आवाज हाच खरा प्रश्न असतो. चांगला कूलर घेण्याचे कारण मुंबईत मला वेगापेक्षा ही शांतता वाटते.

प्रोसेसरसोबत खोक्यात येणारा कूलर किती पुरतो? रायझन ५ ५६०० कमाल ७६ वॉट घेतो, रायझन ५ ७६०० कमाल ८८ वॉट, आणि दोघांसोबत येणारा छोटा कूलर त्यांना सांभाळतो. टंकलेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग एवढ्यासाठी तो बदलण्याची गरज नाही. व्हिडिओ संपादन किंवा तासन्‌तास खेळ असतील तर मात्र तोच कूलर रात्री ऐकू येतो. कोअर आय५ १२४००वर ६५ वॉट लिहिलेले असले तरी टर्बोमध्ये, म्हणजे कामाच्या भारात वेग वाढवल्यावर, त्याची मर्यादा ११७ वॉट आहे, हेही खोक्यावरून सहज कळत नाही.

चार हीटपाइपा (उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला एकेरी टॉवर, उदाहरणार्थ १५५ मिलिमीटर उंचीचा डीपकूल एके४००, हा बहुसंख्य लोकांसाठी योग्य थांबा आहे. त्याचा पंखा पुरेसा मोठा असल्यामुळे सावकाश फिरूनही काम करतो, आणि बहुतेक बोर्डांवर रॅमच्या जागेत फारसा शिरत नाही. १४२ वॉटपर्यंत जाणारा ७६०० एक्स किंवा १८१ वॉटचा १४६०० के असेल तर सहा हीटपाइपांचा दुहेरी टॉवर घ्यावा. थर्मलराइटचा पिअरलेस असॅसिन १२० एसई दोन पंख्यांसह १५५ मिलिमीटर उंचीतच मावतो, म्हणून लहान कॅबिनेटांत तो मला अधिक सोयीचा वाटतो. मात्र दुहेरी टॉवरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो, आणि गोरेगावची गोष्ट तिथेच घडते.

पाण्यावर चालणारा बंदिस्त कूलर २५३ वॉटच्या १४७०० के सारख्या प्रोसेसरसाठी समजण्यासारखा आहे. त्याखालच्या प्रोसेसरसाठी मी तो सुचवत नाही. त्यात पंप हा एक जादा हलता भाग येतो. तो बंद पडला की संपूर्ण कूलर बदलावा लागतो, तर टॉवरचा पंखा बिघडल्यास कोणताही १२० मिलिमीटरचा पंखा लावून दहा मिनिटांत काम भागते. शिवाय तो घेतला म्हणजे रॅमच्या उंचीची चिंता मिटली असेही नाही. रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) आणि पंखे मिळून जाडी ५२ मिलिमीटरच्या आसपास होते, आणि तो छताला लावल्यास अनेक छोट्या कॅबिनेटांत उंच रॅमला टेकतो.

सॉकेटची जुळणी थोडक्यात सांगतो. एएम५च्या मदरबोर्डामागची धातूची पट्टी काढता येत नाही, त्यामुळे ती पट्टी वापरणारे एएम४चे कूलर चालतात, स्वतःची वेगळी पट्टी आणणारे जुने कूलर चालत नाहीत. इंटेलमध्ये जुन्या बोर्डांवर भोकांमधले अंतर ७५ मिलिमीटर होते, एलजीए१७००वर ते ७८ झाले आणि एलजीए१८५१वर तेच राहिले. घरात पडलेला जुना कूलर लावण्यापूर्वी एवढे तपासावे.

जोडी ठरवताना

आता दोन्ही वस्तू शेजारी ठेवू. धातूचे आवरण नसलेली रॅमची साधी पट्टी सुमारे ३१ मिलिमीटर उंच असते. जी.स्किलची फ्लेअर एक्स५ किंवा रिपजॉज एस५ ३३ मिलिमीटर, कॉर्सेअरची साधी डीडीआर५ व्हेंजन्स ३५ मिलिमीटर, आणि दिव्यांच्या बहुतेक पट्ट्या ४० च्या पुढे जातात. आवरणाने किंवा दिव्याने घरगुती वापरात वेग वाढत नाही. म्हणून दुहेरी टॉवर घेणाऱ्याने ३५ मिलिमीटरपर्यंतचीच रॅम घ्यावी, आणि दिवे हवेच असतील त्याने एकेरी टॉवर घ्यावा. दोन्ही हौशी एकाच कॅबिनेटात भागवायच्या असतील तर कूलरची उंची, रॅमच्या उंचीमुळे पंखा जितका वर जाईल तितके मिलिमीटर आणि कॅबिनेटची मर्यादा हे तीन आकडे कागदावर मांडूनच दुकानात जावे.

अभ्यास, कार्यालयीन काम आणि अधूनमधून खेळ यांसाठी मी रायझन ५ ७६००, ६००० सीएल ३०ची १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांची बुटकी जोडी आणि एकेरी टॉवर अशी शिफारस करीन; भाव परवडत नसल्यास ८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात, पण एकच १६ची घेऊ नये. संपादनासाठी मोठा प्रोसेसर घेणाऱ्याने त्याच बुटक्या रॅमसोबत दुहेरी टॉवर घ्यावा. जुनी डीडीआर४ हाताशी असणाऱ्याने ५६०० घ्यावा, आणि कूलरचा निर्णय महिनाभर वापरून, रात्रीचा आवाज ऐकून मग करावा.

बसवताना कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. ती तशीच राहून प्रोसेसर तापल्याच्या तक्रारी मी स्वतः सोडवल्या आहेत. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक चार जागांच्या बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, आणि रॅम कूलरच्या आधी बसवावी, कारण नंतर बोटे पोहोचत नाहीत. दोन्ही टोकांनी दाबल्यावर ‘खट्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. पावसाळ्यात दमट हवेमुळे धूळ पात्यांना आणि टॉवरच्या पत्र्यांना चिकटून बसते, तेव्हा गणपतीनंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा मऊ ब्रशने ती काढावी.

एएम५वर पहिल्यांदा बटण दाबल्यानंतर पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळी बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून बटण पुन्हा दाबू नये, रॅम उपसून काढू नये. बोर्डावरचा मेमरीचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबावे.