नवऱ्याच्या इमिग्रंट व्हिसासाठी घेतलेली कप्प्यांची फाइल: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

प्लास्टिकच्या फाइलवर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. पण आय-१३० (जोडीदारासाठीचा पहिला अर्ज) भरल्यापासून नवरा अमेरिकेत येईपर्यंत आमचा संसार हिच्यातच होता, तेव्हा लिहायचा हक्क आहे.

आधी वाईट ते सांगते. पहिली फाइल मी इथे अमेरिकेत घेतली आणि ती निघाली लेटर साइझची, म्हणजे इथल्या नेहमीच्या कागदाच्या मापाची. भारतातला ए-४ कागद लेटरपेक्षा १८ मिलिमीटर उंच असतो. त्यामुळे नवऱ्याचा प्रत्येक दाखला झाकणातून डोकं बाहेर काढून बसायचा आणि वरची कड चुरगळायची. स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र तर घडी घातल्याशिवाय आत जाईना, आणि घडी पडायची बरोबर नोटरीच्या शिक्क्यावर. नवऱ्याने तिकडे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून फुलस्केप फाइल घेतली. तिचं बटण लवकरच तुटलं, रबरबँड लावून चालवली, पण कागद सरळ राहिले. घ्यायची तर फुलस्केपच घ्या.

कप्प्यांना नावं देताना 'जन्म', 'लग्न', 'बँक' अशी देऊ नका. कागद कोण मागणार, त्याप्रमाणे द्या: यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं), एनव्हीसी (मुलाखतीआधी व्हिसाचे कागद तपासणारं केंद्र), मेडिकल, मुंबईची मुलाखत, प्रवास. लग्नाचा दाखला एकच, पण आय-१३० सोबत त्याची प्रत जाते, एनव्हीसीला स्कॅन लागतो आणि मुलाखतीला मूळ कागद. विषयवार लावलं की मूळ दाखला प्रत्येक वेळी बाहेर निघतो आणि एकदा बाहेर निघालेला कागद आमच्या घरात सहसा जागेवर परत जात नाही.

फाइलच्या जोडीला मोबाइलवरचं स्कॅनिंग ॲप वापरलं. सोय उत्तम, पण त्याचं 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर बंद ठेवा. अक्षरं ठळक होतात खरी, पण ग्रामपंचायतीचा फिकट जांभळा गोल शिक्का पार गायब होतो. रंगीत स्कॅन करा आणि मागच्या बाजूला शिक्का किंवा सही असेल तर तीही बाजू घ्या. अनेक पानांचा कागद एकाच फाइलमध्ये हवा, मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतरही त्यातच जोडायचं. भाषांतराखाली ते अचूक असल्याचं आणि दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन लागतं.

सासऱ्यांनी नवऱ्याचा जन्मदाखला लहानपणीच लॅमिनेट करून ठेवला होता. प्रेमाने केलेलं काम, बोलणार काय! फोटो काढला की मधोमध ट्यूबलाइट चमकायची. खिडकीशी तिरका धरून, दिवे घालवून पाहिलं, तेव्हा कुठे वाचता आला आणि वाचल्यावर कळलं की बाळाच्या नावाची जागा कोरीच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर घालायची तरतूद आहे, म्हणून निबंधकाकडे अर्ज करून नाव घातलेला नवा दाखला काढला. या सगळ्या प्रक्रियेत वेळ खाल्ला तो या एका कागदाने. फाइल घ्यायच्या आधी जन्मदाखला हातात घेऊन नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव पासपोर्टशी ताडून पाहा. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, दुसऱ्या ठिकाणी सासरचं, हे आपल्याकडे घरोघरी सापडेल.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसकडून येतो, त्यात विशेष काही नाही. मात्र नवरा काही वर्षं दुबईत होता. दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलं असेल तर तिथलंही सर्टिफिकेट लागतं, म्हणून एक कप्पा त्यालाच गेला.

माझा कप्पा वेगळा: आय-८६४ (नवऱ्याच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म), आयआरएसचं, म्हणजे इथल्या आयकर खात्याचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, नोकरीचं पत्र, नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची (अमेरिकन नागरिकत्वाच्या दाखल्याची) प्रत. माझ्यासारख्या स्पॉन्सरचं उत्पन्न कुटुंबाच्या आकाराप्रमाणे अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावं लागतं. फॉर्मवर सही केली ना, एवढं अपलोडआधी बघा. फी दोन वेगवेगळ्या, व्हिसा अर्जाची ३२५ आणि आय-८६४ ची १२० डॉलर. दोन्ही पावत्या इथेच ठेवल्या.

मुलाखतीला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत फुलस्केप फाइल गेली आणि तिथे कप्प्यांचे पैसे वसूल झाले. नवरा एरवी गोंधळणारा माणूस. मूळ दाखला मागितला की तोच कप्पा उघडायचा, बाकी काही चाळायचं नाही, एवढंच त्याला सांगून ठेवलं होतं.

प्रवासाचा कप्पा हातातल्या बॅगेतच हवा, चेक-इनमध्ये नाही. वकिलातीने सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते आपण फोडायचं नाही. विमानात बसण्याआधी २३५ डॉलरची यूएससीआयएस इमिग्रंट फी ऑनलाइन भरली, तिची पावती त्याच्याच मागे. इथे उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का बसला की तो व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो, म्हणून पासपोर्टची रंगीत प्रत काढून ठेवली आणि बँकेत तीच आधी उपयोगी पडली.

आमच्या लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तो आला, त्यामुळे कार्ड दोन वर्षांचंच मिळालं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्डावरची अट काढण्याचा अर्ज) भरायचा आहे. लेटर साइझची ती पहिली फाइल आता त्यासाठी लावली आहे: दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खात्याची स्टेटमेंट्स, विम्याचे कागद. इथले कागद तिच्यात नीट मावतात.