क्रास्नोदारचा सीझन पास: दहा महिने वापरल्यानंतर

२०२४च्या जुलैत रशियातल्या क्रास्नोदार शहरातल्या एफसी क्रास्नोदार या फुटबॉल क्लबचा पूर्ण हंगामाचा पास घेतला आणि २०२५च्या मे महिन्यात तो संपला. मी तिथे मेडिकलला होतो. शेवटचं वर्ष होतं, आत्ता नाही घेतला तर कधीच नाही, म्हणून साठवलेले पैसे काढून घेतला. तिकडे शिकायला जाणारी आपली बरीच मुलं याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात कटकटीचं आधी. रशियन प्रीमियर लीगच्या मॅचला नुसता पास चालत नाही, ‘कार्ता बलेल्शिका’ म्हणजे फॅन आयडी लागतो. ‘गोसउस्लुगी’ या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आणि ओळख पटवायला पासपोर्ट घेऊन सेवा केंद्रात जायचं. माझं नाव रशियन लिपीत दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं होतं, त्यापायी तीन चकरा झाल्या. पासपोर्टचं भाषांतर, सिमकार्ड, रहिवासी नोंदणी या सगळ्यांवर एकच नाव आहे ना, ते आधी बघून घ्या. भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड २०२२च्या मार्चपासून तिथे चालत नाही, त्यामुळे मीर या रशियन कार्डाचं स्थानिक खातंही हवं. हा आयडी आला तेव्हा देशभरातल्या अनेक कट्टर समर्थक गटांनी निषेध म्हणून स्टेडियमला जाणंच सोडलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. मॅच बघायला सरकारदरबारी नोंद कशाला? पण मला मॅच बघायची होती, मी काढला.

आत गेल्यावर मात्र सगळी दगदग विसरायला होते. बाहेरून फिकट ट्रॅव्हर्टाइन दगडाचं हे गोल स्टेडियम साधारण ३५ हजार लोकांचं आहे. वरच्या बाजूला आतून जवळजवळ पूर्ण फेरा मारणारा स्क्रीन, आणि कुठेही बसा, मैदान जवळच वाटतं. २०१६ साली ते सुरू झालं आणि वर्षभराने शेजारचं उद्यान. उद्यानात फुकट जाता येतं. मी परीक्षेच्या दिवसांतही तिथे जाऊन बसायचो. हे सगळं सर्गेई गालित्स्की या एका माणसाने उभं केलं. मॅग्निट या किराणा दुकानांच्या साखळीचा तो संस्थापक. २००८ साली त्याने क्लब काढला आणि पैसा सगळ्यात आधी लहान मुलांच्या अकादमीत घातला. प्रशिक्षक मुराद मुसायेवही आधी याच अकादमीत पोरांना शिकवायचे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक आजोबा असायचे. मला ‘सिनोक’ म्हणायचे, म्हणजे बाळा. ते मूळचे कुबानचे. कुबान हा शहराचा जुना क्लब, १९२८चा, पिवळ्या-हिरव्या रंगाचा, २०१८ साली दिवाळं निघून बंद पडला. पुढे त्याच नावाने दुसरा संघ आला, पण आजोबांचं मन तिथे लागलं नाही. नातू क्रास्नोदारच्या अकादमीत गेला आणि तेही काळ्या-हिरव्यात आले. तालीम बदलणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की कोण कुठे बसणार हे जन्मापासून ठरलेलं असतं. आजोबा कुबानबद्दल बोलायचे तेव्हा मी मध्ये बोलत नसे.

त्यांचा एक किस्सा मी हंगामभरात सहा-सात वेळा ऐकला असेन. १४ मार्च २०१९, युरोपा लीग, समोर व्हॅलेन्सिया. ८५व्या मिनिटाला अकादमीतल्या १९ वर्षांच्या सुलेमानोव्हने दुरून असा फटका मारला की चेंडू थेट कोपऱ्यात. भरपाई वेळेत व्हॅलेन्सियाने बरोबरी साधली आणि दोन मॅचच्या बेरजेत क्रास्नोदार स्पर्धेबाहेर गेलं. स्पर्धेबाहेर काढणाऱ्या मॅचबद्दल ते इतक्या प्रेमाने बोलायचे, आणि त्यातच या पासची खरी उणीव कळते. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर चारच दिवसांत, २८ फेब्रुवारी २०२२ला, फिफा आणि युएफाने रशियाचे सगळे संघ आणि क्लब स्पर्धांबाहेर काढले. त्यामागे माणसं मरत असलेलं युद्ध आहे, त्यामुळे मी तक्रार करणार नाही. पण पास घेणाऱ्याला हे माहीत हवं, की तुमचा संघ कितीही चांगला खेळला तरी सुलेमानोव्हसारखी रात्र या पासावर मिळत नाही.

राष्ट्रीय संघाने तर ते आणखी टोचतं. १५ नोव्हेंबर २०२४ला रशिया विरुद्ध ब्रुनेई ही मैत्रीपूर्ण लढत आमच्याच मैदानावर होती. पासात ती धरलेली नव्हती, तिकीट वेगळं काढलं. ११-०. सातव्या-आठव्या गोलानंतर मला ब्रुनेईच्या गोलकीपरकडे बघवेना. लोक टाळ्या वाजवत होते, पण चेंडू जाळ्यात गेल्यावर छातीत जे होतं ते कुणाचंच होत नव्हतं. चार दिवसांनी व्होल्गोग्रादला सीरियावर ४-०, मार्चमध्ये मॉस्कोत ग्रेनाडा आणि झांबियावर प्रत्येकी ५-०. वलेरी कार्पिनचा संघ यातून काय शिकणार? ६ जूनला लुझ्निकीवर नायजेरियाने १-१ बरोबरीत रोखलं, तेव्हा कुठे खरी मॅच बघितल्यासारखं वाटलं. या संघाच्या तिकिटावर पैसे घालू नका, टीव्हीवर बघा.

आणि क्रास्नोदारच्या ड्रेसिंग रूममधला जॉन कॉर्डोबा कोलंबियाकडून कोपा अमेरिकाची फायनल खेळून जुलैत परत आला होता. एदुआर्द स्पेर्त्स्यान अकादमीतलाच, पण आर्मेनियाकडून खेळतो, त्यामुळे त्याला युरोपातल्या देशांची नेशन्स लीग खेळता येत होती. बाजूला बसणाऱ्या रशियन पोरांना मात्र ब्रुनेई.

क्लबचा हंगाम याच्या अगदी उलट. शहराचा विमानतळ २०२२च्या फेब्रुवारीपासून बंद होता, माझ्या हंगामात तो एकदाही उघडला नाही. बाहेर जायचं तर संघाला काय आणि आम्हाला काय, सोचीपर्यंतचा रस्ता नाहीतर रेल्वे. घरी येताना मलाही तसंच यावं लागायचं. असं असूनही संघ हिवाळी सुट्टीला अव्वल गेला. सुट्टी डिसेंबर ते फेब्रुवारी. पास हातात असून मैदान नाही, हे दिवस फार लांबतात. मार्चपासून पुढे सेंट पीटर्सबर्गच्या झेनितशी प्रत्येक आठवड्याला गुणांची मोजणी. झेनितने ओळीने सहा वेळा लीग जिंकली होती.

शेवटचा दिवस २४ मे २०२५, समोर दिनामो मॉस्को. साधारण एक वर्षापूर्वी, २५ मे २०२४ला, याच मैदानावर शेवटच्याच दिवशी क्रास्नोदारने दिनामोला १-० हरवून त्यांच्या हातातली ट्रॉफी घालवली होती, आणि ती झेनितकडे गेली होती. आजोबा सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणाले. ३-० झालं. क्रास्नोदार ६७, झेनित ६६. क्लबच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद, आणि १९९५च्या अलानिया (व्लादिकाव्काझचा क्लब) नंतर रशियाच्या दक्षिणेतलं पहिलं. शिट्टी झाल्यावर आजोबांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढे संघ ट्रॉफी घेऊन फिरला तेव्हा ते खाली बघत होते.

एका आठवड्याने, ३१ मेला, आम्ही होस्टेलवर चॅम्पियन्स लीगची फायनल लावली. पॅरिसने इंटरला ५-० हरवलं. पॅरिसच्या बाकावर मात्वेय सफोनोव्ह बसला होता. क्रास्नोदारच्याच अकादमीतला गोलकीपर, आदल्या उन्हाळ्यात तिकडे गेलेला. गोलात त्याची जागा घेतलेला आगकात्सेव्हही अकादमीतला, आणि तो आमच्याकडे चॅम्पियन झाला. सफोनोव्हच्या गळ्यात मेडल दिसल्यावर आजोबांचा फोन आला. ते फक्त ‘बघितलंस?’ म्हणाले.

पैसे वसूल झाले का, तर हो, पूर्ण. जून संपता संपता मी परत निघालो. माझ्या शेजारची खोली असलेल्या ज्युनियरने पुढच्या हंगामाचा पास घेतलाय. फॅन आयडी दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, तो त्याला नव्याने काढावा लागला. जागा मात्र त्याने तीच मागून घेतली, आजोबांच्या उजव्या हाताची.