दगड साडेचार मीटरवर: ओपन फाउंडेशन की पाईल?

नवी मुंबईत पाया ठरवणं दोन्ही टोकांना सोपं असतं. पारसिकच्या डोंगराच्या अंगाला दगड दोन मीटरवर लागला, की खड्डा खणून दगडावरच काँक्रीटची रुंद बैठक, म्हणजे फुटिंग टाकायची; हेच ओपन फाउंडेशन. खाडीच्या बाजूला गाळ आठ-दहा मीटर निघाला, की पाईल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब. डोकं खातो तो मधला पट्टा. वर दीड-दोन मीटर भराव, खाली काळी चिकण खाडीची माती, मग थोडा मुरूम आणि चार ते साडेपाच मीटरवर दगड. साडेबारा टक्के योजनेतल्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमीन घेतलेल्यांना परत दिलेल्या) छोट्या प्लॉटवर स्टिल्ट (खांबांवरचा पार्किंगचा तळमजला) अधिक सात मजले उभे करायचे असतील, तर सॉईल रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बहुधा दोन्ही पर्याय लिहिलेले असतात आणि निवड आपल्यावर सोडलेली असते.

घणसोलीच्या एका प्लॉटवर मला ही निवड करावी लागली आणि मी ओपन फाउंडेशनच्या बाजूने गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच बरोबर, असं मी म्हणणार नाही. पण माझं पारडं कशामुळे झुकलं ते सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट खर्चाच्या तक्त्यात येत नाही.

पाईलची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. सहाशे मिलिमीटरची पाईल चांगल्या बेसॉल्टमध्ये नीट सॉकेट झाली, म्हणजे दगडात रुतून बसली, तर सव्वाशे-दीडशे टन सहज घेते. मोठा खड्डा नाही, चोवीस तास चालणारे पंप नाहीत, शेजाऱ्याच्या कंपाउंडला तडा जाण्याची धास्ती कमी. आणि दगड तिरका असला तरी पाईलचं फारसं अडत नाही. आपल्याकडे तो तिरका असतोच. डोंगराकडच्या कोपऱ्यात तीन मीटर आणि खाडीकडच्या कोपऱ्यात सहा, हे एकाच प्लॉटवर पाहिलं आहे. एक पाईल आखूड, दुसरी लांब, एवढाच फरक.

त्रास सुरू होतो तो पाईलच्या तळाशी. चाळीस पाईल म्हणजे ‘दगड लागला का?’ हा प्रश्न चाळीस वेळा, प्रत्येक वेळी नव्याने, आणि दर वेळी उत्तर देणारा माणूस तो दगड पाहू शकत नाही. छोट्या प्लॉटवर मोठी हायड्रॉलिक रिग (खोदाईचं यंत्र) वळत नाही, म्हणून ट्रायपॉड (तिपाई) आणि तिच्यावरून आपटायची जड लोखंडी चिझल. लायनर (भोकाच्या कडा धरणारा लोखंडी नळा) उतरतो, चिझल आपटत राहते, बेंटोनाइटच्या (भोक ढासळू न देणाऱ्या मातीच्या) पाण्याबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो चुरा पिशवीत भरून, पाईल नंबर लिहून ठेवतात. आणि रात्री फोन येतो, ‘साहेब, हार्ड रॉक लागलाय, आरएमसीची गाडी मागवू का?’ (आरएमसी म्हणजे तयार काँक्रीट.) चुरा काळा आणि टणक असला तरी तो अखंड थराचा आहे की गाळात अडकलेल्या एखाद्या गोट्याचा, हे पिशवीकडे बघून कळत नाही. शिवाय आपला दगड लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. कठीण बेसॉल्टखाली ब्रेशियाचा (तुकड्यांनी बनलेल्या खडकाचा) किंवा तांबड्या मातीचा मऊ थर निघणं, यात नवल काही नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते करावेतच. अर्ध्या तासात चिझल किती मिलिमीटर उतरली याची नोंद, चिझलचं वजन आणि किती उंचीवरून टाकली यावरून ऊर्जेचा हिशेब, जवळच्या बोअरमधून (तपासणीच्या भोकातून) काढलेल्या दगडाच्या नमुन्याशी, म्हणजे कोअरशी, ताळा. पण त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येकाला ते काम लवकर संपायला हवं असतं. दगडातल्या खोदाईचा दर मातीपेक्षा जास्त, म्हणून दगड लवकर जाहीर झालेला कॉन्ट्रॅक्टरला सोयीचा. सॉकेट कमी म्हणजे बिल कमी, म्हणून लवकर थांबलेलं मालकालाही सोयीचं. चिझलच्या दणक्यांनी समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत आलेली असतात, त्यांचा राग रास्तच. त्यात तळाचा गाळ नीट फ्लश न करता ट्रेमी (तळापर्यंत काँक्रीट नेणारी नळी) लावली, तर उत्तम दगडावरसुद्धा पाईल मऊ गादीवर बसते.

नंतर तपासता येतं, असं म्हणाल तर ते अर्धंच खरं. पाईलसाठीच्या आयएस २९११ या भारतीय मानकाप्रमाणे रुटीन लोड टेस्ट (भार देऊन चाचणी) पाईलच्या संख्येच्या किमान अर्धा टक्का, आणि गरजेनुसार दोन टक्क्यांपर्यंत. चाळीस पाईलमध्ये म्हणजे एक. ती डिझाइन लोडच्या दीडपट भाराला उत्तम उतरते, पण उरलेल्या एकोणचाळीस पाईलच्या तळाबद्दल काही सांगत नाही. हातोडीची इंटिग्रिटी टेस्ट सगळ्यांवर करता येते. ती पाईल मध्येच बारीक झाली किंवा तुटली असेल तर दाखवेल, खालचा दगड कसा आहे याची खात्री देणार नाही.

ओपन फाउंडेशनमध्ये हा प्रश्न भर दिवसा सुटतो. खड्डा उपसून, पाणी मारून दगड स्वच्छ केला की मी स्वतः त्यावर उभा राहतो, पहार मारून पाहतो. पोकळ आवाज आला, तांबडा पट्टा दिसला, तर तेवढा भाग काढून लीन (कमी सिमेंटचं) काँक्रीट भरायचं. शिवाय प्रत्येक फुटिंगखाली दीड-दोन मीटरचं प्रोब होल (तपासणीचं बारीक भोक) घ्यायचं, म्हणजे खालचा लपलेला मऊ थरही सापडतो. घणसोलीत असे दोन पट्टे निघाले आणि पीसीसीच्या (फुटिंगखालच्या साध्या काँक्रीटच्या थराच्या) आधीच दुरुस्त झाले. पाईल असती तर ते कळले असते का, याची मला शंका आहे.

दुसरा फायदा स्टिल्टचा. पाईलमध्ये चिकण माती जागेवरच राहते आणि वरच्या भरावाखाली वर्षानुवर्षं दबत जाते. बिल्डिंग हलत नाही, पण पार्किंगचे पेव्हर खचतात आणि ड्रेनेजचा पाइप भिंतीपाशी तुटतो. तीच दबणारी माती पाईलला खाली ओढते, तेवढी क्षमता हिशेबातून वजा करावी लागते. ओपनमध्ये इमारतीखालची ही माती निघूनच जाते. अर्थात तिच्या जागी मुरूम थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून भरला पाहिजे. डंपरने ओतून मोकळं झालात तर हा फायदा मिळणार नाही.

आता ओपनच्या अडचणी. फुटिंगपासून प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) चार मीटर उंच कॉलम मोकळे राहतात, त्यांना मधल्या पातळीवर टाय बीम (कॉलम एकमेकांना बांधणारी तुळई) द्यावाच लागतो. पाणी खारं, त्यामुळे एम३५ दर्जाचं काँक्रीट आणि सळयांवर चांगलं कव्हर; पण हे पाईललाही चुकत नाही. खरी अडचण पाण्याची आणि शेजाऱ्याची. नवी मुंबईतले कितीतरी नोड भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणूनच सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केले. उधाणाच्या दिवसांत खाडीजवळच्या खड्ड्यातलं पाणी वाढतं आणि पंप कमी पडतात. आपण आपल्या खड्ड्यातलं पाणी उपसतो तेव्हा शेजारच्या भरावातलंही थोडं ओढलं जातं. शेजारी जुनी, उथळ पायाची इमारत खड्ड्याच्या खोलीइतक्या अंतरात असेल, तर मी ओपनचा आग्रह धरणार नाही. तिथे बाजूने शोअर पाईल (खड्ड्याची बाजू धरणाऱ्या) घ्याव्या लागतील, आणि रिग यायचीच असेल तर मग पूर्ण पाईलच केलेली बरी. माझ्या प्लॉटला दोन बाजूंना रस्ता होता आणि तिसरा प्लॉट मोकळा. चौथ्या बाजूला लोखंडी गर्डर रोवून मागे फळ्या लावल्या, तेवढ्यावर भागलं.

वेळापत्रकही पाहा. ओपन दसऱ्यानंतर सुरू करून मेअखेर प्लिंथच्या वर आलं पाहिजे. कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची परवानगी) एप्रिलमध्ये हातात पडलं, तर एक तर थांबा किंवा पाईल करा. जुलैच्या पावसात चिकण मातीत साडेचार मीटरचा उघडा खड्डा मी कोणालाही सुचवणार नाही.

निर्णयाआधी एक खर्च मात्र टाळू नका: बोअर वाढवा. छोट्या, कमी महत्त्वाच्या इमारतीला मध्यभागी एक बोअर पुरतं, अशी मुभा माती-तपासणीचं मानक आयएस १८९२ देतं, पण तिरक्या दगडाच्या या पट्ट्यात चार कोपरे आणि मध्य अशी पाच घ्या. पाचही ठिकाणी दगड साडेपाच मीटरच्या आत असेल आणि शेजार मोकळा असेल, तर माझं मत ओपनला. एकच कोपरा सात मीटरवर गेला, तर तेवढ्यापुरत्या पाईल आणि बाकी फुटिंग अशी भेसळ मी करत नाही. तो कोपरा दगडापर्यंत उतरवून लीन काँक्रीटने वर आणता येतो का ते आधी पाहतो. नाही जमलं, तर अख्खी इमारत पाईलवर, आणि मग दगड ठरवणारा माणूस कॉन्ट्रॅक्टरचा नाही, आपला, रात्रपाळीलाही.